पाहुण्याला दिलेलं पाणी

दिवाळी अंकात अनुभव लिहायला निवृत्त माणसं लागतात. न्यायाधीश, स्टेशनमास्तर, मोठे डॉक्टर. मी त्यांतली कुणी नाही, आणि निवृत्त तर नाहीच. निवृत्त व्हायला आधी कुणी नेमावं लागतं. मी बनारसमध्ये पर्चे लिहिते. पर्चा म्हणजे पत्रक. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, खाली छापखान्याचं नाव. विषय ठरलेले: गटार, दिवा, पाणी, कचरा. संपादकांना मी फोनवर सांगितलं की पर्चेवालीला इतकी पानं द्याल तर ती तितके पर्चे लिहील. ते म्हणाले, लिहा, पण ओरडू नका. तेव्हा हे शक्यतो न ओरडता लिहिलं आहे.

आमचं घर दूधविनायकाच्या गल्ल्यांमध्ये. इथली मराठी घरं किती पिढ्यांची, हे विचारलं की प्रत्येक घर शेजारच्या घरापेक्षा एक पिढी जास्त सांगतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, भांडण पेटलं की भोजपुरी. मी वकिलीचं शिक्षण घेतलं आणि नागरिक मंचात गेले. मंच म्हणजे चहाच्या दुकानाच्या वरची एक खोली, एक पंखा आणि बरेच रागावलेले लोक. तिथे मला लिहिता येतं असं आढळलं आणि माझं भवितव्य ठरलं. आईला अजून वाटतं की हा एक टप्पा आहे.

बनारस हे विभागाचं मुख्य ठाणं. आसपासच्या जिल्ह्यांची सगळी मोठी ऑफिसं इथेच. बाहेरच्यांना वाटतं, मग काय, यांची कामं चटकन होत असतील. ऑफिसं जवळजवळ असली की एका खिडकीतून दुसरी खिडकी बोटाने दाखवता येते, एवढाच फायदा. आमच्या गल्लीत एक सांड, म्हणजे वळू, आडवा बसायचा. मोठा, पांढरा, शांत. शाळेच्या वेळेला तो बसला की मुलं त्याच्या पाठीवरून दप्तरं पलीकडे फेकायची. जनावरांच्या खात्याने सांगितलं, रस्ता अडलाय ना, मग रस्त्याच्या खात्याकडे जा. रस्त्याच्या खात्यात एक वयस्कर बाबू होते. त्यांनी अर्ज वाचला, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘बिटिया, इनका तबादला तो भोलेनाथ ही करेंगे.’’ सांड पुढे आपणहून दुसऱ्या गल्लीत गेला. तिथल्या लोकांनी आमच्या मंचावर मोर्चा आणला.

आणि लोक? लोकही काही कमी नाहीत. एका गल्लीत आम्ही वर्षभर भांडून दिवा लावून घेतला. आठवड्याने तिथलेच एक गुरुजी दिवा काढायचा अर्ज घेऊन आले. चबुतऱ्यावर बसून संध्याकाळी चार माणसांची निंदा करायची तर अंधार लागतो, उजेडात ज्याची करायची तोच समोरून येताना दिसतो, ही त्यांची अडचण. ती त्यांनी लेखी दिली होती.

पर्चा लिहिण्याचे काही नियम आहेत. पहिली ओळ अशी हवी की चहाच्या बाकावर बसलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या हातातला कागद तिरका होऊन वाचावा. ‘संबंधित अधिकारी’ असं कधी लिहायचं नाही. संबंधित म्हटलं की कुणीच संबंधित राहत नाही. प्रत्येक पर्च्यात एक दोषी हवा आणि एकच हवा, दोन झाले की लोक त्या दोघांची तुलना करत बसतात. आणि सगळ्यांत जुना नियम, जो मला मंचात पहिल्याच दिवशी सांगितला गेला: पर्चा ज्यांच्या वतीने लिहिला, त्यांना छापण्याआधी वाचून दाखवायचा. मोठ्याने, त्यांच्या घरात बसून. हा नियम मला तेव्हा वेळेचा अपव्यय वाटायचा.

आता पाण्याकडे येते.

आमच्या गल्लीला नळाचं पाणी सकाळी आणि संध्याकाळी येतं. दगडी फरशीच्या खाली जुना लोखंडी पाइप आणि त्याला लगटून गटार. पाइपाचे सांधे गंजलेले. पाणी चालू असतं तेव्हा ते सांध्यांतून बाहेर गळतं. बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं ओढून घेतो. बाहेर काय आहे, ते वर सांगितलं. म्हणून नळ सुटला की आधी वारा, मग पिवळं, मग थोड्या वेळाने बरं दिसणारं पाणी. बरं दिसणारं, एवढंच.

त्या वर्षी गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले आणि त्याच सुमाराला महापालिकेच्या ऑफिसने नवी फरशी घालायचं काम काढलं. चुनारचा दगड, घाटाच्या बाजूने सुरू करून आत येत चाललेला. फरशीखाली नवा पाइप टाकायचा की नाही, हे गल्लीगल्लीचं पाणी तपासून ठरणार होतं. पाणी खराब निघालं तर पाइप, बरं निघालं तर नुसता दगड. आणि एकदा दगड बसला की तो फोडायला परवानगी मिळत नाही, निदान पुढची फरशी येईपर्यंत. बनारसमध्ये फरशी पिढीत एकदा येते.

आमच्या घरासमोर सुमतीकाकूंचं घर. काकूंचे यजमान अण्णा तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून श्राद्धकर्माला आलेली माणसं यांच्याकडे उतरतात. वर दोन खोल्या त्यांच्यासाठीच. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच काकूंच्या हातचा तांब्या, पेला आणि बशीत पेढा समोर येतो. बनारसमध्ये नुसतं पाणी कुणी देत नाही, बरोबर गोड हवं. पण काकूंचं त्यापुढचं होतं. त्यांचं पाणी वेगळंच लागायचं. लोक नागपूर-साताऱ्याहून पत्र लिहायचे त्यात अण्णांच्या मंत्रांपेक्षा काकूंच्या पाण्याचं कौतुक अधिक. अण्णा म्हणायचे, ‘‘दक्षिणा मला देतात आणि आशीर्वाद हिला.’’

ते पाणी नळाचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी खोल बोअरचा हापसा होता. अण्णा पहाटे स्नानाहून येताना तिथून तांब्याचा हंडा भरून आणत. नळाचं पाणी आंघोळीला, भांड्यांना, धुण्याला. हे कुणाला सांगायची गरज नव्हती. गल्लीतल्या बहुतेक घरांत असंच काहीतरी होतं. कुणाकडे हापसा, कुणाकडे देवळातली विहीर, नोकरदारांकडे भिंतीवरचं फिल्टर.

काकूंची सून पूजा. माहेर गाजीपूरचं, घरात सगळे हिंदी बोलणारे. ती मराठी इथे येऊन शिकली आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलायची, कारण आम्ही ती शिकलोच नव्हतो. पूजाला दिवस गेले होते. काविळीचं कानावर आल्यावर डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं की ही कावीळ इतरांना आजारी पाडते, गरोदर बाईला मारूही शकते. त्या पाण्याने गुळणीसुद्धा करू नकोस. तेव्हापासून घरात तिच्यासाठी सगळंच हंड्याचं. हापशाला अण्णांच्या दोन खेपा वाढल्या. अण्णांचे गुडघे कुरकुरत होते. त्यांनी स्वतः कधी कुरकुर केली नाही. मग मला नव्या फरशीचा नकाशा बघायला मिळाला. त्यात हापसा नव्हता. वाट रुंद करण्यासाठी तो काढायचा होता.

म्हणजे सरळ होतं. पाइप बदलला नाही तर मूल या घरात जन्मून या घरात वाढणार नाही. पूजाची आई गाजीपूरहून रोज फोन करत होती की तू इकडे निघून ये आणि मूल मोठं होईपर्यंत इकडेच राहा. पूजा जात नव्हती. पण तिने बॅग भरून कपाटावर ठेवली होती, ती मी पाहिली होती. काकूंनीही पाहिली होती.

पाण्याचा नमुना घ्यायला माणूस येऊन गेला तेव्हा मी मंचात होते. नंतर अहवाल बघायला ऑफिसात गेले. तिथले ज्युनियर इंजिनियर, ज्यांना सगळं शहर जेई साहेब म्हणतं, पानाचा तोबरा सांभाळत बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केले.

‘‘आइए पर्चेवाली मैडम. आज हमने क्या पाप किया?’’

‘‘दूधविनायक का पानी.’’

त्यांनी कागद काढला, वाचला आणि प्रसन्न झाले. ‘‘अरे, इतना बढ़िया पानी! मैडम, ऐसा पानी तो हमारे अपने घर नहीं आता. आपके मुहल्ले में मकान खाली हो तो बताइएगा.’’

‘‘ये हमारी गली का पानी नहीं है.’’

‘‘आप ही के घरों से लिया है. तीन घर. हमारे आदमी ने अपने हाथ से.’’ आणि मग, जरा कमी प्रसन्नपणे, ‘‘देखिए, काग़ज़ कहता है पानी ठीक है, तो पाइप नहीं. अगले हफ़्ते आपकी गली में पत्थर बैठना शुरू.’’

मी बाहेर आले आणि पायरीवरच पर्चा लिहायला बसले. असे पर्चे आपोआप लिहून होतात. पहिली ओळ होती: ‘नमुना कुणी बदलला?’ खाली पाइप, गटार, कावीळ, गरोदर बाई, सगळं. दोषी एकच. मजकूर सुरेख झाला होता. छापखान्यात फोन करून कागद तयार ठेवायलाही सांगितलं, आणि नियम म्हणून काकूंकडे वाचायला गेले.

दुपार होती. काकू ओसरीवर वाती वळत होत्या, पूजा दाराच्या चौकटीला टेकून मटार सोलत होती, अण्णा आत झोपले होते. मी वाचायला सुरुवात केली. माझा आवाज वाचताना चढतो. ‘नमुना कुणी बदलला’ तीनदा येतं, तिसऱ्यांदा मी बोट उगारते. काकूंनी वात वळायची थांबवली नाही.

‘‘संपलं?’’

‘‘संपलं. कसं वाटलं?’’

‘‘चांगलं आहे. पण नमुना बदलला नाही गं कुणी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तो माणूस दुपारी आला. नळ कुठे असतो दुपारी? मला म्हणाला, माताजी, साठवलेलं असेल तर द्या, बाटली भरायची आहे. उन्हातून आला होता बिचारा. बसवला, पेढा दिला, पाणी दिलं. ते प्यायला. मग बाटली पुढे केली, तीही भरली.’’

‘‘कशातून भरली, काकू?’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र विचारलंय. ‘‘हंड्यातून. दुसऱ्या कशातून?’’

मी कागद खाली ठेवला. ‘‘काकू, तो नळाचं पाणी तपासायला आला होता!’’

‘‘मग नळाचं देऊ? घरी आलेल्याला?’’

‘‘तो पाहुणा नव्हता!’’

‘‘दारात आला. बसला. पाणी मागितलं. मग तो कोण?’’

पाहुण्याची ही व्याख्या वकिलीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी उठून बाकीच्या दोन घरांत गेले. एका घरी देवळातल्या विहिरीचं पाणी दिलं होतं, वर तुळशीचं पान टाकून, ते त्याने बाटली भरण्याआधी काढलं म्हणून त्या घरच्या आजी नाराज होत्या. दुसऱ्या घरी राहणारे बँकेतले सोलापूरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘सरकारी माणूस आहे, म्हटलं फिल्टरचं द्यावं. आपलं इंप्रेशन चांगलं पडतं.’’ शहरातली सगळ्यांत घाणेरडी पाइपलाइन आणि तिच्यावरच्या तीन घरांनी आपापलं उत्तमातलं उत्तम पाणी बाटलीत भरून दिलं होतं. तेही प्रेमाने. हे पर्च्यात कसं लिहायचं? दोषी कोण? मी छापखान्यात फोन करून कागद दुसऱ्याला द्यायला सांगितलं.

काकूंकडे परत आले तेव्हा ऊन ओसरीवरून सरकलं होतं.

‘‘काकू, मी त्यांना पुन्हा बोलावते. सकाळी, नळाच्या वेळेला. तुम्ही फक्त नळ दाखवायचा.’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

‘‘ते कागदावर येणार. अमक्यांच्या घरचं पाणी घाण, असं. उद्या श्राद्धाला आलेलं कुणी विचारेल, काकू, आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडे काय प्यायलो? मग मी काय दारोदार सांगत फिरू, की ते हंड्यातलं होतं म्हणून? या घराला नाव आहे ते कशाचं? अण्णांच्या पोथीचं? पोथ्या गल्लीत सगळ्यांकडे आहेत.’’

मी ओरडणार होते. माझं तोंड उघडलंही होतं. पूजा मटार सोलतच होती. ती म्हणाली, अगदी हळू, तिच्या त्या शिकून घेतलेल्या मराठीत:

‘‘आई, हा जो येणार आहे, तो पाहुणा नाही का? हापसा गेल्यावर त्याला कोणतं पाणी देणार आपण?’’

पूजाने शेंगांची टरफलं गोळा केली, गाईला घालायला बाहेर गेली. काकूंनी पुढची वात घेतली, ती नीट वळली गेली नाही, त्यांनी ती उसवली आणि पुन्हा वळायला घेतली. मी निघाले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, ‘‘बोलव त्यांना. पण त्या साहेबालाच बोलव. नुसता बाटलीवाला नको.’’

जेई साहेबांना आणणं हे माझ्या धंद्यातलं काम, ते मला जमतं. मी त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिले. लोक येत, ‘ये मैडम कौन?’ विचारत, आणि साहेबांना सांगावं लागे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ते म्हणाले, ‘‘अच्छा माता, कल सुबह आता हूँ. आज कुर्सी छोड़ दो.’’

सकाळी ते आले, बाटलीवाल्याला घेऊन. पहिल्या पानाच्या आधी आले होते, म्हणजे मनातून रागावलेले होते. घाटाच्या बाजूने छिन्नीचा ठणठण आवाज येत होता. दगड आमच्या वळणापर्यंत पोचला होता. काकूंच्या चौकात नळ आहे. आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहिलो, आरतीला उभे राहतात तसे. अण्णा जानव्यावर उपरणं टाकून, पूजा दाराच्या चौकटीत. नळ खोकला. वारा सुटला, मग पाणी आलं. रंग सांगत नाही, दिवाळी अंक फराळ करताना वाचतात.

बाटलीवाला पुढे सरकला. काकू म्हणाल्या, ‘‘थांब रे बाबा, रुको.’’

त्यांनी पाहुण्यांचा तांब्या आणला होता, चिंचेने घासलेला, लखलखीत. तो त्यांनी नळाखाली धरला. भरला. पेल्यात ओतलं. पेला बशीत ठेवला, बाजूला पेढा ठेवला आणि बशी दोन्ही हातांनी जेई साहेबांसमोर धरली.

‘‘लीजिए.’’

साहेबांचा हात सवयीने पेढ्याकडे गेला. पेढा त्यांनी उचललासुद्धा. मग पेल्याकडे पाहिलं. वास तोवर त्यांच्यापर्यंत पोचला होता.

‘‘माताजी, ये...’’

‘‘हमारे घर का पानी है,’’ काकू म्हणाल्या. त्यांचं हिंदी नेहमी जरा मराठी वळणाचं. त्या दिवशी फार स्पष्ट होतं. ‘‘पिछली बार आपके आदमी को दूसरा दिया था. भूल हुई. ये असली है. पहले पीजिए, फिर बोतल भरिए.’’

काकूंनी बशी आणखी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाला असलं पाणी देत होत्या आणि ते त्यांना किती जड जात होतं, हे त्या चौकात साहेबांखेरीज सगळ्यांना कळत होतं. मग बहुधा साहेबांनाही कळलं. त्यांनी पेला उचलला, प्यायले नाहीत, पण पटकन खालीही ठेवला नाही. धरून उभे राहिले. पेढा दुसऱ्या हातात तसाच. शेवटी त्यांनी पेला अगदी जपून, देवापुढे ठेवतात तसा पायरीवर ठेवला आणि बाटलीवाल्याला म्हणाले, ‘‘सीधे नल से भर.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पत्थरवालों को बोलिए, मोड़ पर रुकें. मैं लिखके देता हूँ.’’

मी पळत गेले आणि छिन्न्या थांबवल्या. नवा अहवाल यायला वेळ लागला, तोवर पाथरवट आमच्या वळणावर पत्ते खेळत बसले. मग गल्ली खणली गेली, जुना पाइप तुकड्यातुकड्यांनी निघाला, नवा पडला, गटारापासून हातभर लांब आणि वरच्या अंगाला. हापसा गेला. तो वाचवण्यासाठी मी दोन पर्चे काढले, दोन्ही चांगले होते, उपयोग झाला नाही. वळणाच्या पलीकडची, घाटाच्या बाजूची घरं आधीच दगडाखाली गेली होती. त्यांचा पाइप जुनाच राहिला. तिथले लोक मला भेटतात तेव्हा नमस्कार करतात, बोलत काही नाहीत. तिथेही आधी कधीतरी बाटलीवाला आला होता आणि तिथेही त्याला कुणीतरी उत्तम पाणी दिलं असणार.

पूजाने कपाटावरची बॅग खाली काढली. त्यातले कपडे तिने एक एक करून घडी मोडून पुन्हा कपाटात लावले. मुलगी झाली, इथेच.

काही दिवसांनी नवा नळ सुटला, त्या सकाळी काकूंनी मला हाक मारली. मी गेले तर तांब्या भरलेला, वर पेला पालथा घातलेला, शेजारी पानात बांधलेले पेढे.

‘‘हे त्या साहेबांना देऊन ये.’’

‘‘काकू, त्यांच्या ऑफिसात कूलर आहे.’’

‘‘असेल. त्या दिवशी माझ्या दारातून पाहुणा पाणी न पिता गेला. जा.’’

मी त्या ऑफिसात कागद घेऊन गेले आहे, माणसं घेऊन गेले आहे, एकदा मेलेला उंदीर घेऊन गेले आहे. भरलेला तांब्या घेऊन पहिल्यांदाच गेले. तो हिंदकळू नये म्हणून रिक्षा केली नाही, चालत गेले. बाबू लोक उठून बघायला लागले. जेई साहेबांच्या तोंडात पान होतं. मी पेला भरला आणि पेढ्यासकट पुढे ठेवला. ते तांब्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तो ओळखला. उठून बाहेर गेले, पान थुंकून, चूळ भरून आले. पेढा खाल्ला. पाणी प्यायले, उभ्यानेच.

परत आले तेव्हा काकू ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

‘‘प्यायले?’’

‘‘हो.’’

‘‘सगळं?’’

मी पेला उलटा करून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, पदराने पुसला आणि पाहुण्यांच्या फळीवर, जागच्या जागी ठेवला.